धरण, पूर आणि हिवतापाचा डास : पाण्याच्या काठाचा अभ्यास

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरू शहरात एका दिवसात सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला. शहराच्या आग्नेय भागातील सर्जापूर रोड आणि त्यालगतच्या वसाहती पाण्याखाली गेल्या. रहिवाशांना नावांतून व ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले. असा पूर ओसरला की सर्वत्र एकच प्रश्न विचारला जातो : आता हिवतापाची, म्हणजे मलेरियाची, साथ येणार काय? मोठे धरण बांधले जाते तेव्हाही हाच प्रश्न उपस्थित होतो. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच अभ्यासातून मिळते. त्या अभ्यासाची मांडणी विस्तार कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी यांच्यासाठी येथे केली आहे.

सर्जापूर रोड हे उदाहरण निवडण्यास कारण आहे. तेथील कैकोंड्रहळ्ळी, कसवनहळ्ळी, सौळ केरे ही तळी निसर्गनिर्मित नाहीत. उताराच्या जमिनीवर मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडविलेली ती जुनी सिंचन तळी होत. वरच्या तळ्याच्या सांडव्यातून निघालेले पाणी 'राजकालुवे' नावाच्या ओढ्यांवाटे खालच्या तळ्यात उतरते. या भागातील पाणी अखेरीस बेळ्ळंदूर आणि वर्तूर या मोठ्या तलावांच्या साखळीला मिळते. आपल्याकडे पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, याच तत्त्वावर बांधलेले आहेत. असे प्रत्येक तळे हे एक लहान धरण आहे. ते भरून वाहिले की पूर येतो आणि ओसरू लागले की काठावर डबकी उरतात. मोठ्या धरणाच्या बाबतीत हीच क्रिया अधिक विस्तृत प्रमाणावर घडते.

'धरणामुळे हिवताप वाढतो' किंवा 'पुरामुळे डास होतात' ही विधाने अर्धवट आहेत. किती पाणी अडविले यापेक्षा ते काठाला, पाझराला, पाटात आणि नदीपात्रात किती दिवस संथ राहिले, यावर डासांची उत्पत्ती अवलंबून असते. पाण्याच्या या वेळापत्रकावर शेतकरी, पाणी वापर संस्था आणि पाटबंधारे यंत्रणा यांचे बरेच नियंत्रण असते. म्हणून हा विषय आरोग्य खात्यावर सोपवून कृषी विस्ताराला मोकळे होता येत नाही.

डास कोणते पाणी निवडतो?

हिवतापाचा प्रसार ॲनॉफिलिस या प्रजातीतील काही मोजक्या जातींच्या माद्या करतात. मादी पाण्याच्या पृष्ठभागावर एकेक अंडे सुटे घालते. अंड्याच्या दोन्ही बाजूंस हवा भरलेले तरंगक असतात. अंड्यातून निघालेल्या अळीला क्युलेक्स डासाच्या अळीप्रमाणे श्वसननलिका नसते. त्यामुळे ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते व तेथेच श्वास आणि अन्न घेते. या शरीररचनेमुळे लाटा, वेगवान प्रवाह, पाण्याच्या पातळीतील आकस्मिक बदल आणि मासे हे तिचे शत्रू ठरतात. संथ, उथळ, सूर्यप्रकाशित आणि गवताचा किंवा शेवाळाचा थोडा आडोसा असलेला काठ तिला मानवतो.

उष्ण हवामानात अंड्यापासून प्रौढ डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ ते बारा दिवसांत पूर्ण होतो. डबके पाच-सहा दिवसांत आटले तर त्यातील पिढी नष्ट होते. तेच डबके पंधरा दिवस टिकले तर डासांची संपूर्ण पिढी उडून जाते.

भारतातील रोगवाहक जातींच्या सवयी परस्परांहून भिन्न आहेत. ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस हा ग्रामीण भारतातील प्रमुख वाहक होय. नदीपात्रातील डोह, कालव्याचा पाझर, विहिरी, नुकत्याच लावणी झालेल्या भातखाचरातील पाणी आणि गुरांच्या खुरांनी पडलेले खळगे ही त्याची आवडती उत्पत्तिस्थाने. ॲनॉफिलिस फ्लुव्हिॲटिलिस डोंगरपायथ्याच्या ओढ्यांत, मंद वाहणाऱ्या स्वच्छ पाण्याच्या गवताळ कडांना वाढतो. गडचिरोलीसारख्या वनप्रदेशात या दोन्ही जातींचा विचार करावा लागतो. ॲनॉफिलिस स्टीफेन्साय हा मुख्यतः शहरी वाहक आहे. विहिरी, छतावरील टाक्या, भूमिगत टाक्या आणि बांधकामावर साठविलेले पाणी त्याला पुरते. मुंबईतील मलेरियाचे मूळ शहरातील विहिरींत आणि त्यांत वाढणाऱ्या याच डासात आहे, असे सी. ए. बेंटले यांनी १९११ च्या आपल्या अहवालात मांडले होते.

सर्जापूर रोडवरील दोन वेगळे डास

आता सर्जापूर रोडकडे पाहू. तेथील ज्या तळ्यांत वा राजकालुव्यांत सांडपाणी मिसळते, तेथे विपुल होणारे डास प्रामुख्याने क्युलेक्स क्विंक्विफॅशिएटस जातीचे असतात. त्यांचा उपद्रव मोठा असतो व काही प्रदेशांत ते हत्तीरोग पसरवितात. परंतु ते हिवताप पसरवीत नाहीत. संध्याकाळी तळ्याकाठी डासांचे थवे दिसले म्हणजे हिवतापाचा धोका वाढला, असा निष्कर्ष काढता येत नाही.

हिवतापाचा शहरी वाहक स्टीफेन्साय त्याच वसाहतीत, पण तळ्यापासून दूर, स्वच्छ पाण्यात असतो. या भागात टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहणाऱ्या इमारती भूमिगत टाकीत (बेंगळुरूत तिला 'संप' म्हणतात) पाणी साठवितात. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तळमजल्यावर, उद्वाहनाच्या खड्ड्यात आणि स्लॅबवर पाणी साचते. बांधकामावरील मजुरांपैकी काही जण हिवतापग्रस्त जिल्ह्यांतून आलेले असू शकतात. लक्षणे दिसत नसतानाही एखाद्याच्या रक्तात परजीवी असू शकतो. डास, परजीवी आणि माणूस हे तिन्ही घटक एका आवारात आल्यास प्रसाराची साखळी पूर्ण होते. त्यासाठी पुराची आवश्यकता नसते. उलट, पाणीटंचाईच्या महिन्यांत साठवण वाढते तेव्हाही ही साखळी टिकून राहते.

या डासाचे म्हैसूरशी जुने नाते आहे. स्वीट आणि राव यांनी १९३७ मध्ये अंड्याच्या तरंगकावरील शिरांच्या संख्येवरून स्टीफेन्सायचे दोन प्रकार वेगळे केले. त्यांपैकी मुख्यतः ग्रामीण भागात आढळणाऱ्या व गुरांना अधिक चावणाऱ्या प्रकारास 'मायसोरेन्सिस' हे नाव मिळाले. शहरी मूळ प्रकार मात्र कार्यक्षम वाहक आहे. हाच स्टीफेन्साय २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबुती येथे आढळला आणि त्यानंतर त्या खंडातील अनेक देशांत पोहोचला. एकाच जातीत इतका फरक असू शकतो, म्हणून क्षेत्रीय कामात 'डास आढळले' एवढी नोंद अपुरी ठरते. कोणत्या पाण्यात कोणता डास, हे लिहावे लागते.

जलाशय : मध्यभाग आणि काठ

शहरातील तळ्याकडून मोठ्या जलाशयाकडे वळले की पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी, की खोल व वारा खेळणाऱ्या मध्यभागी ॲनॉफिलिसच्या अळ्या क्वचितच आढळतात. तेथे लाटा असतात, मासे असतात आणि आडोसा नसतो. धोका असतो तो फुगवट्याच्या उथळ टोकांना. तेथे ओढे-नाले जलाशयास मिळतात, बुडालेली झुडपे व पाणवनस्पती लाटा अडवितात आणि पाणी ओसरताना जमिनीच्या चढउतारात डबकी मागे राहतात.

जलाशयाचा आकार येथे महत्त्वाचा ठरतो. अरुंद दरीतील खोल जलाशयाची पातळी एक मीटर उतरली तर थोडीच जमीन उघडी पडते. सपाट खोऱ्यातील जायकवाडीसारख्या विस्तीर्ण व उथळ जलाशयाची पातळी तेवढीच उतरली तर फार मोठे क्षेत्र मोकळे होते. या उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर पिके घेतात. गुरे पाण्यावर येतात, त्यांच्या खुरांनी ओल्या गाळात खळगे पडतात, राखणीसाठी काठाला खोपी उभ्या राहतात आणि माणसे रात्री तेथेच निजतात. गाळपेर पद्धतीचा आर्थिक लाभ निर्विवाद आहे. परंतु क्युलिसिफेसिसला हवे असलेले पाणी, गुरे आणि माणसे यांचे सान्निध्य याच पट्ट्यात घडते. म्हणून गाळपेर क्षेत्र पाहणीत प्रथम घ्यावे.

काठावरील पाण्याचे नियोजन करून हिवताप आटोक्यात आणण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचे आहे. १९३३ मध्ये टेनेसी व्हॅली प्राधिकरण स्थापन झाले तेव्हा त्या प्रदेशातील सुमारे ३० टक्के लोकसंख्या हिवतापाने बाधित होती. प्राधिकरणाने धरणे बांधताना जलाशयाचे काठ आधीच साफ केले व पुढे डासांच्या हंगामात पाण्याची पातळी ठराविक काळाने थोडी वर-खाली करण्याची पद्धत बसविली. पातळी उतरली की काठाच्या वनस्पतींतील अळ्या कोरड्या जमिनीवर अडकत किंवा उघड्या पाण्यात माशांच्या तोंडी पडत. १९४७ च्या सुमारास त्या खोऱ्यातून हिवताप जवळजवळ नाहीसा झाला. घरफवारणी, जाळ्या आणि सुधारलेले राहणीमान यांचाही त्यात वाटा होता. इथिओपियातील कोका जलाशयावरील अभ्यासातही पातळी जलद उतरविली असता काठावरील अळ्यांची घनता घटते, असे दिसून आले आहे. पातळी फार मंद गतीने उतरली तर काठाला दररोज नवे उथळ डबके तयार होते आणि जुने आटण्यापूर्वी डास बाहेर पडतात.

भारतातील अनुभव नर्मदा खोऱ्यात नोंदविला गेला आहे. जबलपूरजवळील बर्गी धरणाच्या परिसराचा अभ्यास नीरू सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. जलाशयालगतच्या गावांत दूरच्या गावांपेक्षा हिवतापाचे प्रमाण स्पष्टपणे अधिक होते. त्याच नदीवरील सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे येतात. सातपुड्याच्या या दऱ्यांत जलाशयाचे पाणी ओढ्यांच्या मुखांत शिरते आणि दरवर्षी ओसरते. अशी वळणे व मुखे हीच तेथील पाहणीची ठिकाणे असली पाहिजेत.

धरणाच्या खालची नदी

जलाशयाच्या काठापेक्षा दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे धरणाच्या खालचे नदीपात्र. पाणी अडविले की खालचा प्रवाह क्षीण होतो व खडकाळ पात्रात डोह आणि डबकी सुटी पडतात. अशा डबक्यांचे सामर्थ्य किती असू शकते हे श्रीलंकेने (तत्कालीन सिलोनने) अनुभवले आहे. १९३४ मध्ये तेथे पाऊस हुकला, एरवी वाहत्या असणाऱ्या नद्यांची पात्रे डबक्यांत विभागली गेली आणि त्यांत क्युलिसिफेसिसची अफाट उत्पत्ती झाली. १९३४-३५ च्या त्या साथीत सुमारे ८०,००० माणसे दगावली. ती साथ अवर्षणातून उद्भवली होती. धरणाच्या खाली प्रवाह तुटतो तेव्हा नदीपात्रात अशाच अवर्षणाची कृत्रिम स्थिती निर्माण होते.

याच्या उलट स्थितीही संभवते. धरणातून सतत थोडे पाणी झिरपत वा सुटत राहिले तर पूर्वी उन्हाळ्यात कोरडा पडणारा नाला बारमाही होतो. डोंगराळ भागात अशा मंद, स्वच्छ प्रवाहाच्या गवताळ कडा फ्लुव्हिॲटिलिसला अनुकूल ठरतात. एकाच धरणाच्या फुगवट्याला एक जात, पात्रातील डबक्यांत तीच किंवा दुसरी आणि पाझराच्या नाल्यात तिसरी, असे चित्र दिसू शकते.

यावर उपाय पाण्यातच आहे. मलाया व सिलोन येथे लहान ओढ्यांवर बंधारा घालून स्वयंचलित सायफनद्वारे साठलेले पाणी एकदम सोडण्याची पद्धत वापरली जात असे. त्या लोंढ्याने खालच्या काही अंतरावरील अळ्या वाहून जात. आपल्याकडील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांतून व लहान तलावांतून पाणी सोडावयाचेच असेल, तर ते दररोज थोडे-थोडे सोडण्याऐवजी आठवड्यातून एकदा जोराने सोडता येईल काय, याचा विचार स्थानिक पातळीवर करता येतो.

कालवा, पाट आणि भातखाचर

म्हैसूर संस्थानात कृष्णराजसागर धरणातून निघालेल्या आयर्विन कालव्याने (आजच्या विश्वेश्वरय्या कालव्याने) १९३० च्या दशकात मंड्या भागात सिंचन पोहोचविले. ऊस व भात आला, समृद्धी आली आणि सोबत हिवतापही वाढला. कालव्यातील वेगवान पाण्यात अळ्या टिकत नाहीत. कालव्याच्या भरावातून झिरपणारे पाणी, भरावासाठी माती काढलेले खड्डे, तणांनी तुंबलेल्या चाऱ्या आणि निचरा नसलेली शेते ही उत्पत्तिस्थाने असतात.

या धरणाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तत्पूर्वी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी 'ब्लॉक पद्धत' सुचविली. तीत कालव्याचे पाणी निवडक गटांना, पिकांच्या फेरपालटीसह व नियमित पाळीने द्यावयाचे होते. पाण्याची समान वाटणी व्हावी आणि जमीन पाणथळ होऊ नये हा तिचा हेतू होता. जमीन पाणथळ होऊ न देणे आणि डासांना जागा न ठेवणे ही दोन उद्दिष्टे एकाच मार्गाने साध्य होतात, हे आज कीटकशास्त्राच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे.

भातखाचरातील डासांची उत्पत्तीही पिकाच्या वयाशी निगडित असते. लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पाणी उघडे व सूर्यप्रकाशित असते; तेव्हा क्युलिसिफेसिसच्या अळ्या अधिक आढळतात. रोपांची दाटी होऊन सावली पडली की त्यांची संख्या घटते व अन्य, बहुधा कमी धोकादायक, जाती तेथे येतात. म्हणून खाचरातील पाणी आलटून पालटून ओले-कोरडे ठेवण्याचा सर्वाधिक उपयोग फुटवे येण्याच्या काळात होतो. या पद्धतीमुळे पाण्याची बचतही होते. मात्र जमीन खरोखर कोरडी पडली पाहिजे. खाचरात पावलांच्या खळग्यांत पाणी राहिले तर उद्देश सफल होत नाही.

पूर : आधी सफाई, नंतर उत्पत्ती

पुराचा परिणाम दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात लोंढ्यामुळे नदी, ओढे व चाऱ्यांतील अळ्या वाहून जातात आणि डासांची संख्या काही दिवस घटते. त्यामुळे 'पूर आला पण डास झाले नाहीत' असा दिलासा मिळतो. दुसरा टप्पा पाणी ओसरल्यावर सुरू होतो. काठावर, शेतांच्या सखल भागात, रस्त्यालगतच्या खड्ड्यांत आणि नदीच्या जुन्या पात्रांत पाणी अडकते. त्यात मासे नसतात व प्रवाह नसतो.

येथून दिवस मोजावेत. पहिली पिढी बाहेर पडण्यास आठ ते बारा दिवस लागतात. मादीने रुग्णाचे रक्त शोषल्यावर परजीवी तिच्या शरीरात पक्व होण्यास अनुकूल तापमानात आणखी दहा ते चौदा दिवस जातात. तिने चावा घेतल्यापासून ताप येईपर्यंत माणसात साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात. डासांच्या एक-दोन पिढ्या वाढून साथ जाणवण्यास एकूण सहा ते आठ आठवड्यांचा अवधी लागतो. ऑगस्टअखेरीच्या पुराचा परिणाम ऑक्टोबरच्या मध्यापासून दिसतो तो यामुळे. १९०८ च्या पावसाळ्यातील अतिवृष्टीनंतर पंजाबात शरद ऋतूत आलेली भीषण साथ याच क्रमाने आली होती. एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी १९११ मधील आपल्या अहवालात तिचा सविस्तर अभ्यास केला. साथीची तीव्रता पावसाइतकीच धान्याच्या महागाईशी व उपासमारीशी जोडलेली आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखविले होते. पुरात पीक गेलेल्या कुटुंबाच्या बाबतीत हा मुद्दा आजही विसरता येत नाही.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुरात गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकाठ पाण्याखाली गेले. धरण व पूर ही दोन्ही कारणे तेथे एकत्र येतात, आणि खालचा प्रदेश राज्यातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्ह्याचा आहे. अशा ठिकाणी दरवाजे बंद होऊन पाणी उतरू लागल्याचा दिवस हा सहा आठवड्यांच्या मोजणीचा पहिला दिवस समजावा.

गुरे, माणसे आणि बदलणाऱ्या सवयी

क्युलिसिफेसिस स्वभावतः गुरांकडे अधिक ओढला जाणारा डास आहे. रात्री रक्त शोषून तो गोठ्यात वा घराच्या अंधाऱ्या भिंतींवर विसावतो. थंडीच्या दिवसांत तो सायंकाळी लवकर व उष्ण हंगामात रात्री उशिरापर्यंत चावतो. त्याच्या 'ए' ते 'ई' अशा पाच भगिनीजाती ज्ञात आहेत. त्या दिसावयास एकसारख्या असल्या तरी 'बी' ही कमकुवत वाहक आहे, तर इतर कमी-अधिक प्रमाणात रोग पसरवितात.

या स्वभावामुळे विस्थापनाचा परिणाम लक्षात घ्यावा लागतो. पुरात गुरे वाहून गेली किंवा बुडीत क्षेत्रातून उठताना विकावी लागली, तर डासाचे नेहमीचे भक्ष्य नाहीसे होते आणि माणसाला चावण्याचे प्रमाण वाढू शकते. त्याच वेळी माणसे तंबूत, पत्र्याच्या निवाऱ्यात किंवा उघड्यावर निजतात, आणि तेथे घरफवारणीचा उपयोग होत नाही. कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी अशा वेळी अधिक उपयुक्त ठरते. गोठा घराला चिकटून असणे मात्र हितावह नाही. गुरांच्या ओढीने आलेले डास घरात शिरतात. गोठा व निजण्याची जागा यांत अंतर ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग होय.

आणखी एक बदल आपल्या शेतीतून घडतो. कापूस, भात व भाजीपाल्यावर फवारलेली कीटकनाशके चाऱ्या व खाचरांतील पाण्यात उतरतात. त्या पाण्यातील अळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या निवडीचा दाब पडतो. देशाच्या अनेक भागांत क्युलिसिफेसिस डीडीटी व मॅलेथिऑन यांना प्रतिकारक्षम झाला आहे, तर काही भागांत सिंथेटिक पायरेथ्रॉइडांनाही. आरोग्य खात्याची फवारणी आणि मच्छरदाणी ज्या गटाच्या औषधावर अवलंबून आहे, त्याच गटाचे औषध शेतात वारंवार वापरले गेले तर दोन्हीकडे हानी होते. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा हा आरोग्यविषयक लाभ आपल्या प्रशिक्षणांतून क्वचितच सांगितला जातो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कृतिक्रम

१. गावाचा पाणीनकाशा करावा. वस्तीपासून दोन किलोमीटरच्या आतील फुगवट्याची टोके, पाझर, मुरूम काढलेले खड्डे, वापरात नसलेल्या विहिरी, नदीपात्रातील डोह व शेततळी नकाशावर दाखवावीत. क्युलिसिफेसिसची नेहमीची झेप साधारण एवढ्याच अंतराची असते.

२. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पांढऱ्या रंगाच्या लांब दांड्याच्या डावाने काठाचे पाणी घेऊन पाहावे. एका ठिकाणी दहा डाव घ्यावेत व सावली पाण्यावर पडू देऊ नये. अळी पृष्ठभागाला समांतर असेल तर ती ॲनॉफिलिस, डोके खाली करून तिरपी लोंबत असेल तर क्युलेक्स वा एडिस समजावी. डावामागे किती अळ्या, हे तारखेसह लिहावे.

३. सात दिवसांत आटू शकेल अशी प्रत्येक जागा आटवावी. पाझर बुजविणे, चारीतील तण काढणे, खड्ड्यास चर काढून निचरा देणे ही कामे पावसाळा संपताच घ्यावीत. महाराष्ट्रातील सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या पाणी वापर संस्थांना ही कामे आवर्तनाच्या नियोजनात समाविष्ट करता येतात.

४. जे पाणी आटविता येत नाही तेथे जैविक उपाय योजावेत. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात रेशीम उत्पादक गावांत घरफवारणीस विरोध होता, कारण कीटकनाशकाने रेशीमकीटक मरतात. तेथे विहिरी व तळ्यांत अळीभक्षक मासे सोडून हिवताप आटोक्यात आणला गेला. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढत असताना हा अनुभव मार्गदर्शक ठरावा. मात्र गॅम्बुसिया व गप्पी हे परदेशी मासे नद्या-ओढ्यांत कदापि सोडू नयेत; ते स्थानिक माशांना घातक ठरतात. त्यांचा वापर बंदिस्त विहिरी व टाक्यांपुरता ठेवावा, आणि शक्य तेथे स्थानिक अळीभक्षक मासे निवडावेत.

५. बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा 'इस्रायलेन्सिस' हा उपप्रकार (बीटीआय) अळ्यांवर परिणामकारक असून मासे व गुरे यांना अपायकारक नाही. १९७६ मध्ये इस्रायलमध्ये शोधला गेलेला हा जीवाणू बीटी कापसातील विषाच्या स्रोताहून वेगळा आहे, हे शेतकऱ्यांना समजावून सांगावे. त्याचा परिणाम अल्पकाळ टिकतो. म्हणून वापर वारंवार करावा लागतो.

६. शेततळ्याचे काठ तीव्र उताराचे व तणमुक्त ठेवावेत. अस्तरीकरण केलेल्या खोल तळ्यात अळ्या कमी असतात. अर्धवट भरलेले, शेवाळ धरलेले किंवा सोडून दिलेले शेततळे मात्र उत्पत्तिस्थान होते.

७. पूर ओसरल्याच्या दिवसापासून सहा आठवड्यांचे वेळापत्रक आशा कार्यकर्ती व हिवताप कर्मचारी यांच्यासह ठरवावे. दुसऱ्या आठवड्यात अळ्यांची पाहणी, चौथ्या आठवड्यापासून प्रत्येक तापाच्या रुग्णाची रक्ततपासणी आणि आढळलेल्या रुग्णास पूर्ण उपचार, असा क्रम असावा. गाळपेर शेतकरी, धरणावरील व बांधकामावरील मजूर यांची तपासणी प्राधान्याने व्हावी.

समारोप

देशाने २०३० पर्यंत हिवतापाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. रुग्णसंख्या घटत जाते तसे उरलेले रुग्ण दुर्गम धरणक्षेत्रांत, वनप्रदेशात व स्थलांतरित मजुरांच्या वस्त्यांत एकवटू लागतात, आणि तेथे आरोग्य कर्मचाऱ्याहून कृषी कार्यकर्त्याची ये-जा बहुधा अधिक असते. धरणे व तळी आपल्याला हवीत, त्यांवर आपली शेती उभी आहे. मात्र ज्या गावात पाण्याची पाळी, पाझराची दुरुस्ती आणि निचरा यांची नोंद दर आठवड्याला होते, त्या गावात डासांना आठ-बारा दिवसांचे संथ पाणी मिळणे कठीण जाते. येत्या हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातील निदान एका जलाशयाच्या वा तलावाच्या काठाची अशी नोंद ऑक्टोबरअखेरपर्यंत ठेवावी आणि ती तालुका कृषी अधिकारी व जिल्हा हिवताप अधिकारी या दोघांनाही द्यावी.